मिलिमीटरभर निसर्ग आणि ‘एका क्लिक’चा वाद

जून ते ऑक्टोबर हा सह्याद्रीतल्या मॅक्रोवाल्यांचा, म्हणजे इवल्या गोष्टींचे अगदी जवळून फोटो काढणाऱ्यांचा हंगाम. मृगाचा किडा, सड्यावरची (खडकाळ पठारावरची) सीतेची आसवं ही इवली फुले, दवात भिजून गवताच्या पात्याला चिकटलेली टाचणी (चतुराच्या नात्यातला सडपातळ कीटक), सगळे याच चार-पाच महिन्यांत. मग स्पर्धांचे निकाल लागतात आणि दरवर्षी तोच प्रश्न निघतो: हा फोटो एका क्लिकचा आहे का? त्याची मुळे दोन ठिकाणी आहेत. एक, २०१५ साली लागू झालेल्या एका व्याख्येत. दुसरे, त्याच्या कितीतरी आधी लेन्सच्या कड्यावर छापलेल्या एका शब्दात.

फार मागे जायचे तर १८८५ साली अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये एका शेतकऱ्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून एकेका हिमकणाचे फोटो काढले. १९२८ साली जर्मनीत एका कलाशिक्षकाच्या वनस्पतीचित्रांचे पुस्तक निघाले; देठ, कळ्या, कोंब ३० पटींपर्यंत मोठे करून त्याने ते विद्यार्थ्यांना नक्षीचे नमुने म्हणून दाखवले होते. हिमकण वितळतो आणि कोंब वाढतो, पण दोन्ही उडून जात नाहीत. कीटकांचे दुखणे वेगळे आहे.

आता तो शब्द. ‘मॅक्रो’ म्हणजे १:१, सेन्सरवर (तेव्हा फिल्मवर) प्रतिमा मूळ वस्तूएवढीच, ही व्याख्या सगळे सांगतात. लेन्स बनवणाऱ्यांनी मात्र ती कधीच मनावर घेतली नाही. १९५५च्या सुमारास आलेल्या एका जर्मन लेन्सची एक आवृत्ती १:२पर्यंत जायची आणि दुसरी १:१पर्यंत. नाव दोन्हींना एकच. पुढच्याच वर्षी जपानमध्ये बारीक अक्षरांच्या कागदपत्रांची मायक्रोफिल्म करण्यासाठी एक लेन्स निघाली. तिच्यावर ‘मायक्रो’ छापले गेले आणि त्या घराण्याच्या लेन्सवर ते अनेक दशके राहिले. पुढे झूम लेन्सवर १:४लाही ‘मॅक्रो’ म्हणायला लागले. डिजिटलने उरलासुरला अर्थही घालवला, कारण सेन्सरची मापे अनेक झाली: १:१वर फुल फ्रेम मापात ३६ मिमी रुंदी मावते, एपीएस-सीमध्ये सुमारे २४ आणि मायक्रो फोर थर्ड्समध्ये १७. मृगाचा किडा जेमतेम सेंटिमीटरभर. तो पहिल्या चौकटीत लाल ठिपका असतो, तिसरीत अर्ध्याहून अधिक जागा व्यापतो, आणि प्रमाण दोन्हीकडे १:१च. म्हणून ‘कितीला मॅक्रो’ विचारण्यापेक्षा चौकटीची रुंदी किती मिलिमीटर हे विचारावे.

(या किड्याला पाय आठ असतात, म्हणजे तो कोळ्यांच्या नात्यातला. आणि त्याचा लाल रंग कॅमेऱ्याला झेपत नाही: हिस्टोग्राममध्ये (फोटोतल्या उजेडाच्या आलेखात) फक्त लाल रेषा उजव्या भिंतीला आपटते आणि मखमल सपाट होते. एक्स्पोजर पाऊण स्टॉप कमी ठेवले की केस दिसू लागतात; एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा.)

फिल्मच्या काळात खरी अडचण डेप्थची, म्हणजे किती खोलीपर्यंत स्पष्ट दिसते याची होती. १:१वर लेन्सचे छिद्र एफ ११ इतके बारीक केले (एफचा आकडा मोठा तितके छिद्र लहान) तरी फुल फ्रेममध्ये स्पष्ट पट्टा मिळतो १.३ मिमीचा. शिवाय त्या अंतरावर एफ ११ प्रत्यक्षात एफ २२सारखे वागते, म्हणजे उजेड दोन स्टॉप कमी. आणखी बंद करून सुटका नाही. एफ २२ लावले की प्रत्यक्षात एफ ४४ होते, विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) प्रकाशाचा बिंदू सुमारे ०.०६ मिमीचा डाग होतो आणि सगळा फोटो सारखाच मऊ पडतो. मग उपाय एकच उरायचा: विषय सेन्सरला समांतर धरणे. जुन्या स्लाइडमधले चतुर आणि फुलपाखरे नेहमी बाजूनेच का दिसतात, याचे कारण आवडनिवड नसून हे सव्वा मिलिमीटरचे गणित आहे. ५० मिमीच्या लेन्समागे २५ मिमीची ट्यूब (लेन्स कॅमेऱ्यापासून पुढे नेणारी पोकळ नळी) लावून १:२, ५० मिमीची लावून १:१, आणि रोलमध्ये ३६ फ्रेम. चूक कळायची ती रोल धुऊन आल्यावर.

१९९९च्या आसपास फिरत्या अंगाचे दोन मेगापिक्सेलचे छोटे डिजिटल कॅमेरे आले आणि हा अडसर बराचसा दूर झाला. ते २ सेमीवरून फोकस करायचे, सेन्सर नखाएवढा असल्याने डेप्थ भरपूर, आणि फोटो तिथल्या तिथे दिसायचा. महागड्या लेन्सपेक्षा त्या कॅमेऱ्यांनी जास्त लोकांना गुडघ्यावर बसवले असे आमचे मत आहे. पडदा वळवता येत असल्याने आडवे न पडता सड्यावरचे जमिनीलगतचे गेंद हे रानफूल चौकटीत घेता यायचे. पानाखालची अंडी, कोळ्याच्या जाळ्यातली नागमोडी पांढरी शिवण, दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या चिकट टोकावर अडकलेले चिलट, हे आधी न दिसणारे विषय याच काळात ‘विषय’ झाले.

त्यानंतर स्टॅकिंग आले. फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फ्रेम घ्यायच्या आणि प्रत्येकीतला फक्त स्पष्ट भाग जोडायचा. सॉफ्टवेअर २०००नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मिळू लागले होते. कॅमेऱ्यातच सोय मिळू लागली ती २०१५च्या सुमारास. हिशोब सोपा आहे. १:१, एफ ५.६, डेप्थ सुमारे ०.६७ मिमी, फ्रेम एकमेकींवर चढाव्यात म्हणून पाऊल ०.५ मिमीचे. डोळ्यांपासून पाठीपर्यंत ६ मिमी खोलीच्या उडी मारणाऱ्या कोळ्याला १३ फ्रेम लागतात. बिघाड ठरलेले: एखाद्या कीटकाने मिशी हलवली की चित्रात दोनाच्या चार मिशा होतात, पाऊल मोठे पडले तर अंगावर धूसर पट्टे येतात, केसांभोवती पांढुरकी कडा राहते. फ्लॅश १/१६ पॉवरच्या वर नेला तर सलग फ्रेममध्ये तो भरत नाही आणि मधलीच एखादी फ्रेम काळी निघते.

वाद पेटला तो इथे. निसर्ग विभागाच्या स्पर्धांना मान्यता देणाऱ्या तीन मोठ्या परदेशी संस्थांच्या व्याख्या आधी वेगवेगळ्या होत्या. एकीकडे पात्र ठरलेला फोटो दुसरीकडे बाद व्हायचा. २०१४ मध्ये त्यांनी सामाईक व्याख्या जाहीर केली आणि १ जानेवारी २०१५पासून ती लागू झाली. माणसाच्या खुणा शक्यतो नकोत, लागवडीची झाडे आणि पाळीव प्राणी चालणार नाहीत, चौकटीतले काही काढायचे नाही की घालायचे नाही. म्हणजे कुंडीतल्या झेंडूवरची माशी गेली. स्टॅकिंग मात्र चालेल आणि फ्रेम शेजारीशेजारी जोडलेला पॅनोरमा चालणार नाही, असे ठरले.

खोलीच्या दिशेने तेरा फ्रेम जोडल्या तर निसर्ग, रुंदीच्या दिशेने दोन जोडल्या तर नाही, हे अनेकांच्या गळ्याखाली उतरले नाही, आणि ते उतरण्यासारखे नव्हतेही. मुभेच्या बाजूचा युक्तिवाद असा की कोळी १३ फ्रेमभर तिथेच होता. लेन्सची मर्यादा दूर करणे म्हणजे मजकूर बदलणे नव्हे, सेन्सरवरचा धुळीचा ठिपका पुसण्यासारखेच ते आहे. विरोधकांचे म्हणणे, तसा क्षण कधी नव्हताच; पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये सेकंदभराचे अंतर आहे. पुढच्या सुधारणेत सलग घेतलेल्या फ्रेमच्या पॅनोरमालाही परवानगी मिळाली. विसंगती मिटली, पण विरोधकांची उरलेली बाजूही त्यात हरली.

मुभा योग्यच होती. फसली ती अंमलबजावणीत, कारण तेरा फ्रेम निश्चल राहणारा कीटक थंडीने बधिर असतो, झोपलेला असतो किंवा मेलेला असतो. पहाटे सहा ते आठ या वेळात सड्यावर टाचण्या खरोखरच हलत नाहीत. घरच्या फ्रिजमधून काढलेलीही हलत नाही. परीक्षकाला फोटोवरून फरक ओळखायचा असतो. खरे दव बारीक असते आणि सगळीकडे असते, शेजारच्या जाळ्याच्या धाग्यावरसुद्धा. स्प्रेचे थेंब मोठे आणि एकाच बाजूला. जिवंत टाचणी पायांनी काडी धरते. सगळेच पाय दुमडलेले दिसले की शंका घ्यावी.

सड्याचा प्रश्न व्याख्येत कुठेच नाही. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेले आणि गर्दी वाढली. सीतेची आसवं खडकावरच्या बोटभर ओल्या मातीत उगवतात. फोटोसाठी आडवा झालेला माणूस पाऊण चौरस मीटर जागा दाबतो, आणि कोपर नेमके शेजारच्या झुबक्यावर टेकते. वळणारा पडदा किंवा फोन उलटा धरून कॅमेरा जमिनीकडे आणणे, एवढ्यात काम भागते.

फोनने तर मूळ प्रश्नच गोंधळवून टाकला आहे. २०२१पासून काही महागडे फोन २ सेमीवरून फोकस करतात, आणि तिथे बटण एकदा दाबले तरी आत अनेक फ्रेम एकत्र होऊन एक फाइल बनते. स्पर्धेत शंका आली तर मूळ फाइल मागतात. स्टॅक केला असेल तर तेराच्या तेरा रॉ फाइल (कॅमेऱ्यातून आलेल्या, संस्कार न केलेल्या) जपून ठेवाव्या लागतात. जोडून तयार केलेली एकटी टिफ फाइल पाठवली तर फोटो बाद होऊ शकतो.