जांघेतला टाका

पायाकडे जाणारी रक्तवाहिनी चोंदली की ती मोकळी करण्याची वाट बहुतेक वेळा जांघेतून जाते. तिथे फेमोरल धमनी इतकी वर असते की बोट ठेवलं तरी नाडी लागते. सर्जन छेद घेतो, धमनी उघडतो, आत साचलेला चरबी-कॅल्शियमचा थर खरवडून काढतो किंवा तिथून खाली बायपासची नळी जोडतो. धमनीचे टाके जवळपास केसाएवढ्या बारीक धाग्याने घातले जातात आणि त्यातला एकही गळून चालत नाही. मग रक्त अडवायला धमनीला लावलेले चिमटे सुटतात, रक्त धावू लागतं, थंड पडलेलं पाऊल हळूहळू उबदार होतं. आता उरते ती फक्त कातडी मिटवायची. हे काम पुष्कळदा टीममधल्या सर्वांत ज्युनिअर डॉक्टरकडे जातं.

धमनीला धमनी जोडण्याची रीत अलेक्सी कारेल या फ्रेंच सर्जनने बसवली. त्यासाठी तो एका भरतकाम करणाऱ्या बाईकडे सुईकाम शिकला, असं सांगतात. १९१२ सालचं नोबेल त्याला मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता. कातडीच्या टाक्याला कुणी नोबेल दिलेलं नाही. पण शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला घरून परत आणतो तो बऱ्याचदा हाच टाका. छेद लाल होतो, पाणावतो, कडेने उसवतो, पू येतो.

रक्तवाहिन्यांच्या नियोजित शस्त्रक्रिया 'स्वच्छ' वर्गात मोडतात, कारण त्यांत आतडं किंवा पू असलेली जागा उघडली जात नाही. स्वच्छ शस्त्रक्रियेत जंतुसंसर्गाचं प्रमाण शंभरात एक-दोन असावं अशी अपेक्षा असते. जांघेतला छेद हा हिशेब पाळत नाही. अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या एका मोठ्या पाहणीत ते शंभरात आठ-नऊ निघालं, आणि काही चाचण्यांत तर तीसच्याही पुढे गेलं. एवढी तफावत का, याचं एक कारण मोजणाऱ्यांत आहे. कुणी पू आला तरच संसर्ग म्हणतो, कुणी छेदाभोवतीच्या लालीलाही. बाकीची कारणं मात्र जांघेतच आहेत.

ही घडीची जागा आहे. बसलं की कातडीवर कातडी येते, घाम वाळत नाही, आणि शरीरातला सर्वांत जंतूंनी भरलेला भाग शेजारीच आहे. धमनीपर्यंत पोचताना लसीकेच्या गाठी आणि वाहिन्या वाटेत येतात. लसीका म्हणजे पेशींभोवतीचं जास्तीचं पाणी परत रक्तात नेणारा फिकट द्रव. या वाहिन्या इतक्या बारीक की कापल्या गेल्या तरी चटकन कळत नाही, कारण त्यातून रक्त येत नाही. दोन-तीन दिवसांनी मात्र जखमेखाली पाणी साचू लागतं. उबदार, ओलं, प्रथिनांनी भरलेलं डबकं. जंतूंना यापेक्षा चांगली जागा कोणती?

सगळ्यात मोठी पंचाईत मात्र वेगळीच. जखम भरते ती रक्तावर. पांढऱ्या पेशी, प्राणवायू, अँटिबायोटिक, सगळं रक्तातूनच येतं. आणि हा रुग्ण टेबलावर आलाय तोच मुळी रक्तपुरवठा तुटपुंजा आहे म्हणून. त्यात बहुधा मधुमेह, वर्षानुवर्षांची सिगारेट, कधी मूत्रपिंडं थकलेली. ज्याच्या जखमा भरायला सर्वांत अवघड, त्याच्याच शरीरात, सर्वांत अवघड जागी आपण छेद घेतो. टाक्याबद्दलचा कुठलाही वाद या पार्श्वभूमीवर वाचायला हवा.

आता टाक्याकडे येऊ. १९५७ मध्ये एलेक आणि कोनेन या दोन संशोधकांनी एक प्रयोग केला. आज तो करायला कुठली नैतिक समिती परवानगी देईल असं वाटत नाही. त्यांनी स्वयंसेवकांच्या त्वचेत स्टॅफिलोकोकस जंतू टोचले. नुसते टोचले तर पू होण्यासाठी लाखो जंतू लागत. पण त्वचेत रेशमी धाग्याचा टाका असेल तर काही शे पुरत. म्हणजे धागा नुसता असल्यानेच जंतूंचं काम हजारो पटींनी सोपं झालं. पांढऱ्या पेशींपासून लपायला त्यांना आडोसा मिळाला. त्यातही गुंफलेला धागा जास्त वाईट, कारण त्याच्या पेडांमधल्या फटीत जंतू शिरतात, पेशी शिरू शकत नाहीत. एकेरी, गुळगुळीत तंतूत अशा फटी नसतात.

या प्रयोगानंतर टाक्याकडे पाहण्याची नजर बदलायला हवी. जखम भरते ती शरीराच्या जोरावर. टाका फक्त दोन कडा तेवढ्यापुरत्या एकमेकींजवळ धरून ठेवतो, आणि त्या सेवेचं भाडं घेतो. प्रश्न एवढाच की कुठल्या टाक्याचं भाडं कमी.

स्टेपल, म्हणजे ज्याला रुग्ण 'पिना मारल्या' म्हणतात, त्या स्टीलच्या असतात. स्टीलवर जंतू रेशमाइतके टिकत नाहीत, आणि काम पाच मिनिटांत होतं. चार तासांच्या शस्त्रक्रियेनंतर हे छोटं आमिष नाही. पण प्रत्येक पीन कातडीला दोन भोकं पाडते. वीस पिना म्हणजे पृष्ठभागावरून आत जाणाऱ्या चाळीस वाटा. बाहेरून घातलेल्या सुट्या टाक्यांचंही तेच. याउलट कातडीच्या जाडीतच, पृष्ठभागाला समांतर, वळवळत जाणारा टाका दिसतच नाही. बाहेर येतात ती फार तर त्याची दोन टोकं. विरघळणारा धागा असेल तर काढायलाही यावं लागत नाही. पिनांच्या बाजूचे लोक यावर म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे, की खाली पाणी साचलं तर दोन पिना काढून वाट करून देता येते. सलग टाका तसा उघडता येत नाही.

तर्क दोन्हीकडे आहे, मग पुरावा काय सांगतो? २०१० साली हाडांच्या शस्त्रक्रियांवरच्या चाचण्या एकत्र करून केलेलं एक विश्लेषण गाजलं: पिना लावलेल्या जखमांत संसर्गाचा धोका टाक्यांच्या तिपटीहून अधिक. त्याच वर्षी हृदयाच्या बायपाससाठी पायातली शीर काढताना होणाऱ्या जखमांचा असाच आढावा आला. त्यात पिनांच्या गटात शंभरात सुमारे अकरा, टाक्यांच्या गटात आठ. फरक आहे, पण रुग्ण इतके थोडे की तो नशिबाचा खेळही असू शकतो. या दुसऱ्या आढाव्यातले पाय आपल्या विषयाच्या जास्त जवळचे. जांघेपुरत्या चाचण्या लहान आहेत आणि त्यातून कुणीही निर्विवाद जिंकलेलं नाही. माझा कल एकेरी धाग्याच्या, आतल्या आत घातलेल्या टाक्याकडे आहे. पण तो कल आहे, निकाल नव्हे. आणि 'आमच्याकडे पिना मारत नाहीत' असं कुणी छाती फुगवून सांगितलं तर फार प्रभावित होऊ नये.

गोंदाचीही थोडी गोष्ट सांगायला हवी. सायनोअॅक्रिलेट हे रसायन १९४२ मध्ये बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधताना हाती लागलं आणि सगळ्याला चिकटतं म्हणून बाजूला पडलं. त्याचा त्वचेसाठी सौम्य केलेला एक प्रकार अमेरिकेत १९९८ मध्ये मंजूर झाला. आतल्या टाक्यावर त्याचा थर दिला की पाणी न शिरणारी पातळ पापडी बनते. जखमेच्या कडा पहिल्या एक-दोन दिवसांत पेशींच्या थराने सांधल्या जातात. तोवर बाहेरचे जंतू बाहेर ठेवायला ही पापडी कामाची. पण गोंद ओढ सोसत नाही, आणि घडीच्या, घामट जागी पापडी लवकर सुटते. म्हणून जांघेत तो टाक्याचा जोडीदार आहे, पर्याय नाही.

जंतुनाशक लावलेला धागा हा उपाय ऐकायला सर्वांत पटणारा. २०१२ मध्ये फिनलंडमधल्या एका चाचणीत ट्रायक्लोसानचा लेप असलेले धागे पायाच्या रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेत वापरून पाहिले. संसर्ग कमी झाला नाही. यात नवल कमीच. जंतूंचा मुक्काम धाग्याच्या खाली, चरबीत साचलेल्या पाण्यात असेल तर धागा रंगवून काय होणार?

खरी मेख तिथेच आहे. कातडीपेक्षा तिच्या खालचं शिवणं महत्त्वाचं. चरबीचे थर एकावर एक मिटवायचे म्हणजे आत पोकळी राहत नाही. लसीकेच्या गाठींना मधून चिरण्याऐवजी एका अंगाला सारायचं, आणि दिसेल ती वाहिनी बांधून टाकायची. हे काम कंटाळवाणं आहे, आणि ते येतं नेमकं सगळे थकलेले असताना.

शस्त्रक्रियेआधीच्या गोष्टींचा उल्लेख ओझरता करतो, त्या कमी महत्त्वाच्या आहेत म्हणून नव्हे, तर त्यांवर फारसा वाद उरलेला नाही म्हणून. अँटिबायोटिक छेदाच्या आधी रक्तात पोचलेलं हवं, नंतर नाही. हे १९६१ मध्ये जॉन बर्क यांनी गिनीपिगांवर दाखवलं. केस वस्तऱ्याने नव्हे, क्लिपरने काढायचे, कारण वस्तरा न दिसणारे ओरखडे पाडतो. सिगारेट काही आठवडे आधी बंद. शरीर गार पडू द्यायचं नाही: १९९६ मध्ये मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियांत रुग्णाला उबदार ठेवल्याने संसर्गाचं प्रमाण शंभरात १९ वरून ६ वर आलं. कातडी गारठली की तिच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि पुन्हा तोच रक्ताचा तुटवडा.

अलीकडे सर्वांत जास्त फरक दिसला तो टाक्यात नव्हे, त्यावरच्या पट्टीत. मिटवलेल्या जखमेवर स्पंज, वर हवाबंद चिकटपट्टी, आणि छोट्या पंपाने सतत हलकी ओढ. पंपामुळे कडांवरचा ताण कमी होतो, सूज उतरते, पाझर साचत नाही, आणि आठवडाभर कुणी जखम उघडून पाहत नाही. जर्मनीतल्या एका चाचणीत, २०१८ मध्ये, साध्या पट्टीखाली शंभरात ३३ जांघांत संसर्ग झाला, पंपाच्या पट्टीखाली १३. नंतर स्वीडनमध्येही असाच कल दिसला. एक मात्र लक्षात ठेवावं: पंप लपवता येत नाही, त्यामुळे जखम पाहणाऱ्याला कोणता गट कोणता हे बहुधा ठाऊक असतं. शिवाय टळलेले संसर्ग बरेचसे वरवरचे होते.

वरवरचा की खोल, हा भेद इथे जिवाचा आहे. डेट्रॉइटचे सर्जन सिलाजी यांनी १९७२ मध्ये या संसर्गाच्या तीन पायऱ्या सांगितल्या: पहिली कातडीपुरती, दुसरी चरबीपर्यंत, तिसरी थेट बायपासच्या नळीपर्यंत. पहिलीला पट्टी आणि औषध पुरतं. दुसरीत जखम उघडून धुवावी लागते. तिसरीत डेक्रॉनसारख्या कृत्रिम नळीवर जंतू चिकट थर करून बसतात आणि औषधाला दाद देत नाहीत. नळी काढावी लागते, जोड फुटून भळाभळा रक्त जाऊ शकतं, पाय जाऊ शकतो. रुग्णाची स्वतःची शीर वापरलेली असेल तर ती जास्त तग धरते.

आणि ही तिसरी पायरी नेहमी घाईने येत नाही. काही जंतू मंद असतात. टाके कधीच निघालेले, व्रण पांढरा पडलेला, माणूस पुन्हा चालू-फिरू लागलेला. अशात काही महिन्यांनी जांघेत टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसतं आणि त्यातून थेंबभर पाणी येतं. दुखत नाही, ताप नाही. रोज कापूस लावून ते झाकत बसू नये. ज्याने नळी बसवली त्या सर्जनला ते त्याच आठवड्यात दाखवावं, कारण त्या छिद्राचं दुसरं टोक नळीवर असू शकतं.