दोनदा विचारले, तर उत्तर तेच येते का?

गेल्या वर्षभरात बटाट्याच्या चिप्स किती वेळा खाल्ल्या? ‘महिन्यातून एक ते तीन वेळा’, ‘आठवड्यातून एकदा’ अशा चौकटींपैकी एकीत चौदा वर्षांच्या मुलाने खूण करायची आणि पुढच्या पदार्थाकडे वळायचे. अशा दीडशेच्या आसपास ओळी. अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी किशोरवयीनांसाठी तयार केलेल्या आहार-प्रश्नावलीचे स्वरूप साधारण असे होते. उत्तरांवर भिस्त ठेवण्याआधी त्यांनी तीच प्रश्नावली 9 ते 18 वयाच्या 179 मुलामुलींकडून वर्षाच्या अंतराने दोनदा भरून घेतली आणि निष्कर्ष 1995 साली प्रसिद्ध केले.

दोन्ही वेळच्या उत्तरांचा सहसंबंध कॅल्शियमसाठी 0.58 निघाला, प्रथिने आणि लोह यांच्यासाठी मात्र तो जेमतेम 0.26 होता. (1 म्हणजे तंतोतंत मेळ, 0 म्हणजे काहीच मेळ नाही.) पदार्थांत शीतपेये 0.57 वर, तर मांस 0.39 वर. माझ्या मते हा फरक बराचसा सवयीचा आहे. रोज सकाळी दुधाचा पेला संपवणाऱ्या मुलीला आठवावे लागतच नाही. प्रथिने मात्र डाळीत, अंड्यात, मांसात, अगदी पावातही विखुरलेली असतात आणि प्रत्येक ओळीतली छोटी चूक बेरजेत उतरते.

दोन फेऱ्यांत अंतर किती ठेवावे, हा खरा पेच आहे. आठवड्याभराने विचारले तर मूल आधीचेच उत्तर आठवून लिहिते. वर्षाने विचारले तर मूलच बदललेले असते. या वयात उंची वाढते, भूक वाढते, खिशात पैसे येतात, त्यामुळे उत्तर बदलले तर दोष प्रश्नावलीचा की वयाचा, हे वेगळे काढता येत नाही.

शिवाय तेच उत्तर पुन्हा येणे म्हणजे ते खरे असणे नव्हे. पाच मिनिटे मागे असलेले घड्याळ रोज तितकेच मागे असते. म्हणून 1997 साली याच प्रश्नावलीची तुलना 261 मुलांच्या, मागील 24 तासांत काय खाल्ले याच्या तीन-तीन नोंदींशी केली गेली, तेव्हा सरासरी सहसंबंध 0.54 आला. पण त्या नोंदीही मुलांच्या आठवणीतूनच आलेल्या होत्या.

स्मरणशक्तीला बगल देणारी कसोटी म्हणजे जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेले पाणी पाजणे. जड हायड्रोजन केवळ पाण्यावाटे बाहेर पडतो, जड ऑक्सिजन पाणी आणि कार्बन डायऑक्साइड अशा दोन्ही वाटांनी; त्या दोन वेगांतल्या फरकावरून शरीराने खर्चलेली ऊर्जा काढता येते. किशोरवयीनांच्या आहाराच्या लेखी नोंदी 1990 साली या कसोटीवर घासल्या गेल्या. लठ्ठ नसलेल्या मुलांनी प्रत्यक्ष खर्चाच्या सुमारे 81 टक्के, तर लठ्ठ मुलांनी सुमारे 59 टक्केच ऊर्जा कागदावर उतरवली होती. सगळ्यांनी सारखेच कमी लिहिले असते, तर निदान कोण जास्त खातो आणि कोण कमी, हा क्रम तरी शाबूत राहिला असता.