‘धोका’ म्हणजे नेमकं काय? सायकोसिसच्या उंबरठ्यावरच्या मुलांची पार्श्वभूमी

येरवड्याला मनोरुग्णालय आहे, म्हणून ‘याला येरवड्याला पाठवा’ हे वाक्य पुण्यात आजही थट्टेवारी खपतं. त्यामुळे ‘मुलाला सायकोसिस झालेला नाही, पण धोका आहे’ असं डॉक्टर म्हणाले, की आईवडिलांना फक्त शेवटचे शब्द ऐकू येतात. सायकोसिस म्हणजे भास आणि पक्क्या संशयांपायी वास्तवाशी नातं तुटणं. या ‘धोका’ शब्दाने तज्ज्ञांनाही गेली तीसेक वर्षं झुलवलं आहे.

कल्पना जुनी आहे. आयुर्वेदाच्या निदानपंचकात, म्हणजे रोग ओळखायच्या पाच साधनांत, रोग प्रकट होण्याआधीच्या खुणांना ‘पूर्वरूप’ म्हणतात. उन्मादाच्या पूर्वरूपांत डोकं रिकामं वाटणं, कानांत आवाज, अन्नावरची वासना उडणं, नको तिथे चिंता असं बरंच काही येतं. पाश्चात्त्य वैद्यकातही याच अर्थाचा शब्द होता. गोम अशी, की पूर्वरूप म्हणायचं तर पुढे रूप यावं लागतं. आजार झाल्यावर ‘अरे, बारावीतच सुरू झालं होतं’ म्हणता येतं. आज समोर बसलेल्या मुलाबद्दल तसं म्हणणं म्हणजे निकालाआधी गुणपत्रिका छापणं.

म्हणून १९९० च्या दशकात मेलबर्नमधल्या एका गटाने शब्दच बदलला आणि ‘अतिजोखीम’ म्हणायला सुरुवात केली. त्यात शिरायच्या वाटा तीन: सौम्य भास किंवा संशय, आठवड्याच्या आत आपोआप ओसरलेला सायकोसिसचा झटका, किंवा जवळच्या नात्यात हा आजार आणि सोबत कामकाजात ठळक घसरण. सुरुवातीच्या पाहणीत वर्षभरात सुमारे ४० टक्के जणांना सायकोसिस झाला. पुढे आकडा उतरला. २०१२ च्या एकत्रित विश्लेषणात तो एका वर्षाला २२ टक्के आणि तीन वर्षांना ३६ टक्के निघाला. म्हणजे बहुतेकांना तो आजार होतच नाही.

खरी खडाजंगी मानसिक आजारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेच्या (डीएसएम) २०१३ च्या आवृत्तीवरून झाली. या अवस्थेला स्वतंत्र निदानाचा दर्जा द्यायचा का? मसुद्यात आधी नावातच ‘धोका’ होता; तो काढून ‘सौम्य सायकोसिस’ अशा अर्थाचं नाव आलं. बाजूने बोलणारे म्हणत, ही मुलं आजच हैराण आहेत, मदतीला नाव हवं. विरोधकांना भीती होती, की निरोगी मुलांवर शिक्का बसेल आणि सायकोसिसवरच्या (अँटिसायकोटिक) गोळ्या सर्रास सुरू होतील. या निदानाच्या चाचणीत डॉक्टरांचं एकमत किती होतं, हेही नीट ठरेना, कारण रुग्ण फार थोडे होते. अखेर ही अवस्था ‘पुढील अभ्यासासाठी’ म्हणून मागच्या विभागात गेली. गोळ्यांची भीती रास्त होती. पण ‘होणार की नाही’ या पैजेत ‘आत्ता काय चाललंय’ हा प्रश्न मागे पडला, तो पडलाच.

कारण ‘अतिजोखीम’ गटात प्रवेश मिळतो मुख्यतः भास आणि संशयावर, पण रोजचं जगणं अडतं दुसरीकडे. विचार करण्याचा वेग, ऐकलेलं लक्षात ठेवणं, लक्ष टिकवणं यांत या गटाची सरासरी निरोगी समवयस्क आणि पहिला झटका आलेले रुग्ण यांच्या मधोमध पडते. कॉलेज, नोकरी, मित्र यांतली घसरण भास-संशयापेक्षा या क्षमतांशी आणि उत्साह आटण्याशी जास्त जुळते. ज्यांना सायकोसिस होत नाही, त्यांतल्याही अनेकांची गाडी रुळावर येत नाही. चिंता, नैराश्य सोबत असतंच.

मोजमापही उशिरा सुधारलं. जुन्या शंभर गुणांच्या मापात लक्षणं आणि कामकाज एकत्र कालवलेलं होतं. २००० नंतर सामाजिक वावर आणि शिक्षण-नोकरी-घरकाम यांना वेगळे दहा-दहा गुण मिळाले. पण सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत चौथ्या वर्षी एमपीएससी करणाऱ्या मुलाला कुठला गुण द्यायचा? त्याचं नाव कुठल्या हजेरीपटावर नाही, पगार नाही, मेसच्या पलीकडे ओळखी नाहीत. गावाकडचे म्हणतात, अभ्यास करतोय. पुस्तकाचं तेच पान तीन आठवडे उघडं आहे, हे शेजारच्या खुर्चीवरच्यालाच माहीत असतं, आणि त्याला कोणी विचारत नाही.