मनोविकारविषयक नाटकातील प्रतीक व पात्र यांचा अभ्यास (खानदेश)

मनोविकार हाच विषय असलेल्या नाटकातील माणसे आणि रंगमंचावरील वस्तू, आवाज, प्रकाश यांचे अर्थ एकमेकांच्या आधाराने उलगडण्याची अभ्यासपद्धती. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत हे काम दोन ठिकाणी चालते: महाविद्यालयातील मराठीच्या वर्गात आणि एकांकिका किंवा राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमीत. वर्गात प्रतीकाची चर्चा फार होते, तालमीत पात्राची. दोन्ही वाटा वेगळ्या राहिल्या की वर्गात आजारी माणसाचे नुसते रूपक होते आणि तालमीत विस्कटलेले केस व खदाखदा हसणे एवढेच उरते.

मराठीत या विषयाची सामग्री जुनी आहे. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ या नावाने ‘हॅम्लेट’ मराठीत आणले. पांघरलेले वेड आणि खरोखर ढळलेले मन त्यात शेजारी शेजारी ठेवलेले दिसते, म्हणून अभ्यासाची सुरुवात तिथून करणे सोयीचे पडते. १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त व्यसन एका वस्तूत गोळा झाले आहे. व्यसनाधीनता आज मनोविकारांतच मोजतात. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये (१९७०) आप्पासाहेब बेलवलकरांचे मन सुटत जाते, पण तोंडी येते ती त्यांनी आयुष्यभर केलेल्या भूमिकांची भाषा. आजार कोणालाही होवो, तो बोलतो त्या माणसाच्या शिदोरीतून. पात्राचा अभ्यास याच मुद्द्यावर उभा आहे.

प्रतीकाबाबत पहिला प्रश्न असा विचारावा: हे प्रतीक कोणाचे? आजारी माणसाचे, घरच्यांचे की नाटककाराचे? समजा, एका एकांकिकेतली सून रात्री दाराची कडी लावते, दिवा मालवते, पुन्हा उठून कडी चाचपते. अंथरुणावर येते, तिसऱ्यांदा उठते. प्रेक्षकाला ‘घराचा तुरुंग झाला’ असे चटकन वाटते, आणि नाटककाराच्या मनातही ते असू शकेल. सासूला मात्र तो आपल्या घरावरचा अविश्वास वाटतो. सुनेला स्वतःला काय वाटते? कडी हाताला लागली की क्षणभर जीव खाली पडतो, मग शंका पुन्हा डोके वर काढते. मंत्रचळ या विकारात असेच घडते: कृतीने मिळणारा तात्पुरता दिलासाच ती कृती पुन्हा करायला लावतो. हे समजलेली अभिनेत्री कडीकडे भयाने पाहत नाही, आशेने जाते. कडीचा आवाज तोच राहतो, प्रसंग पार बदलतो. तुरुंगाचा अर्थ त्यातून आपसूक उमटला तर उमटू द्यावा, आधी लादू नये.

खानदेशात काही प्रतीके आधीच अर्थाने भरलेली असतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी नारळाच्या रूपात कानबाई देवी बसते, रोटांचा नैवेद्य होतो आणि काही बायांच्या अंगात येते. हा प्रसंग रंगमंचावर आणणाऱ्याने फार जपावे. रूढीला धरून, ठराविक वेळी अंगात येणे आणि नंतर बाई नेहमीच्या कामाला लागणे हा आजार नव्हे. आधुनिक रोगवर्गीकरणही तसे मानत नाही. ती अवस्था नकोशी, आवरता न येणारी झाली, संसार-कामधंदा मोडू लागला, तर गोष्ट वेगळी. हा भेद न करता कानबाईचा नारळ ‘अंधश्रद्धेचे प्रतीक’ म्हणून मांडणे आळशीपणाचे आहे, शिवाय समोर बसलेल्या बायांवर अन्याय करणारे आहे.

मनासाठी इथल्या मातीतली सर्वांत नेमकी प्रतिमा आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची (१८८०–१९५१): उभ्या पिकात शिरणारे, हाकलले तरी फिरून येणारे ढोर. नको असलेला विचार दाबल्याने जात नाही, हे ज्याला शिकवायचे आहे त्याला दुसरे उदाहरण शोधावे लागत नाही.

पात्राची भाषा हा सर्वांत दुर्लक्षित भाग. स्पर्धेच्या संहितांत खेड्यातली आजारी बाई ‘मला नैराश्य आलंय’ म्हणते तेव्हा पात्र तिथेच कोसळते. अहिराणी बोलणारी बाई ‘मन्हं डोकं दुखस’ म्हणेल. हातपाय गळाले, जीव घाबरतो, असे सांगेल. मनाचे दुखणे शरीराच्या शब्दांत सांगणे सर्वत्र आढळते. ‘मी येडी नही शे’ हे वाक्य ती कोणाला म्हणते, डॉक्टरला, नवऱ्याला की स्वतःला, यावर अख्खा प्रवेश ठरतो. रावेर-यावल पट्ट्यातल्या पात्राला मात्र अहिराणी चिकटवू नये. तिथे लेवा बोली ऐकू येते.

संज्ञांचा घोळही मोठा आहे. छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) म्हणजे एका देहात दोन माणसे नव्हेत. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये रूढ केलेल्या मूळ शब्दात ‘दुभंगलेले मन’ असा अर्थ असल्याने हा गैरसमज पसरला. त्यांना विचार, भावना व वर्तन यांची सुटलेली सांगड अभिप्रेत होती. या आजारात भास बहुधा कानाला होतात, डोळ्यांना कमी. पांढऱ्या साडीतली आकृती आणणे नेपथ्याला सोपे जाते. कोणालाच ऐकू न येणाऱ्या आवाजाला उत्तर देणारा नट उभा करणे अवघड, पण खरे.

जुन्या संहिता वाचताना मनोविकारांविषयीच्या कायद्याचे वर्षही पाहावे. १९१२ च्या कायद्याच्या नावातच ‘वेडेपणा’ होता. १९८७ चा कायदा त्याच्या जागी आला, आणि २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध होईपर्यंत, तीव्र ताणाखाली होती असे धरले जाते आणि तिला शिक्षा होत नाही. तिची काळजी व उपचार ही शासनाची जबाबदारी ठरते. जुन्या नाटकात अशा प्रसंगानंतर दारात उभा राहणारा हवालदार आजच्या प्रयोगात काय करायला आला आहे, हे दिग्दर्शकाला नव्याने ठरवावे लागते.