आर्य, नाटक आहे हे!

मे महिन्यातली संध्याकाळ. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी आजीनं कूलर बंद करायला लावला. बाहेर झळा अजून ओसरल्या नव्हत्या, पण कूलरच्या घरघरीत तिला मालिकेतलं बोलणं ऐकू येत नव्हतं. सुनेला घराबाहेर काढत होते. आजी पदरानं घाम पुसतेय की डोळे, ते कळेना. ‘‘आजी, खोटं आहे ना ते,’’ मी म्हटलं. टीव्हीवरची नजर न हलवता ती बोलली, ‘‘मले का मालूम नाही? पण पोरगी त रडून राह्यली ना!’’

खोटं आहे हे ठाऊक असतं, तरी रडू येतं. हे कसं, याचा विचार फार पूर्वीपासून चालत आलाय आणि त्यातलं एक मोठं नाव आपल्या विदर्भातलं आहे. भवभूती हा आठव्या शतकातला नाटककार पद्मपूरचा. नागपूरचे संशोधक वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं, आजच्या गोंदिया जिल्ह्यातलं गाव, असं मांडलं. त्याच्या ‘उत्तररामचरित’ नाटकात हाच प्रश्न दोनदा समोर येतो. पहिल्या अंकात लक्ष्मण राम-सीतेला त्यांच्याच वनवासाची चित्रं दाखवतो. शूर्पणखेचं चित्र येताच सीता घाबरते. जे होऊन गेलंय, ज्यातून ती सुखरूप परत आलीय, त्याच्या रंगवलेल्या चित्राला! राम तिला समजावतो, ‘चित्रमेतत्’, अगं, चित्र आहे हे. सातव्या अंकात पाळी रामावर येते. गंगेकाठी वाल्मीकींनी रचलेलं नाटक चाललेलं असतं, त्यात त्यानं टाकलेल्या सीतेचे हाल दिसतात आणि राम बसल्या जागी कळवळून तिला हाक मारतो. तेव्हा लक्ष्मण म्हणतो, ‘आर्य, नाटकमिदम्.’ पहिल्या अंकात दुसऱ्याला भानावर आणणारा सातव्या अंकात स्वतःच वाहून जातो. प्रेक्षकाच्या मनाचं इतकं नेमकं निरीक्षण मला दुसरीकडे क्वचितच सापडलं.

याचा शास्त्रीय उलगडा काश्मीरच्या पंडितांनी केला, भरताच्या नाट्यशास्त्रावर विचार करताना. शंकुकानं चित्रातल्या घोड्याचा दाखला दिला. चित्र पाहून आपण ‘घोडा’च म्हणतो. ते ज्ञान खरं म्हणता येत नाही आणि खोटंही. संशय किंवा साम्य म्हणूनही ते सुटत नाही. ती एक वेगळीच जाणीव आहे. भट्टनायक आणखी खोल गेला. रंगमंचावरचं दुःख माझंच वाटलं तर मी उठून पळेन, आणि कुणा परक्याचं वाटलं तर मला त्याचं काय? म्हणून ते ना माझं ना त्याचं, नुसतं दुःख होऊन माझ्यापर्यंत येतं. याला त्यानं साधारणीकरण म्हटलं. पुढे, साधारण इ. स. १०००च्या सुमारास, अभिनवगुप्तानं हा विचार पूर्णत्वाला नेला.

मराठीत हा धागा न. चिं. केळकरांनी उचलला. १९२१च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली: आपली भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरायचं, आणि आनंद त्या दुहेरीपणातच असतो. माझ्या मते आजीच्या उत्तराचं इतकं नेटकं शास्त्र दुसरं नाही.

पाश्चात्त्य मानसशास्त्र या प्रश्नाकडे वेगळ्या वाटेनं आलं. १९४४ साली अमेरिकेत हायडर आणि झिमेल यांनी एक छोटी फिल्म दाखवली. एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक वर्तुळ आणि एक चौकोनी घर, एवढंच. ३४ विद्यार्थिनींना काय दिसलं ते लिहायला सांगितलं. फक्त एकीनं आकृत्यांच्या हालचाली लिहिल्या. बाकीच्यांना दांडगाई, भीती, पळापळ दिसली. जिथं चेहरासुद्धा नाही तिथंही माणूस मन शोधतो. आपल्याकडे नागपुरात तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. बांबू-कागदाचीच ती, पण ‘ईडा पिडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी तिला ऐकू जाते असं समजूनच दिली जाते.

१९५६ साली हॉर्टन आणि वोल यांनी टीव्ही-रेडिओवरच्या माणसांशी प्रेक्षकांचं जे एकतर्फी नातं जुळतं, त्याला नाव दिलं. मराठीत त्याला दुरूनची जवळीक म्हणता येईल. रोज ठरल्या वेळी घरात येणारा चेहरा मनाला शेजाऱ्यासारखा वाटू लागतो. १९८७ साली दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा लोकांनी टीव्हीला हार घातले. तत्त्वज्ञ कॉलिन रॅडफर्ड यांनी १९७५ साली मुद्दाच उलटा लावला: जे अस्तित्वातच नाही त्याच्यासाठी रडणं तर्काला धरून नाही. अनेकांनी त्यांना उत्तरं दिली. मला वाटतं, आपल्या पंडितांनी रडण्याला चूक न मानता सुरुवात केली, म्हणून ते पुढे जाऊ शकले.

अलीकडे गोष्टीत हरवून जाण्याचं मोजमाप होऊ लागलंय. ग्रीन आणि ब्रॉक यांनी २००० साली त्यासाठी प्रश्नावली केली. गोष्टीत जितकं बुडावं तितकी तिची मतं वाचकाला पटत जातात, असं त्यांना आढळलं. चांगली कथा थोडा वेळ वाचली तरी दुसऱ्याचं मन ओळखण्याची क्षमता वाढते, हा २०१३चा दावा मात्र फार गाजला आणि इतरांनी तोच प्रयोग केला तेव्हा टिकला नाही.

आणि शेवट ठाऊक असला तरी? पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटकं चालतात. आता काय होणार हे माहीत असलेल्या बाया शालीत तोंड खुपसून रडतात, आणि पडदा पडला की चहाला उठतात. रामालाही सगळं ठाऊक होतं, गोष्ट त्याचीच होती. वाल्मीकींच्या रामायणात भूमीत गेलेली सीता परतत नाही. भवभूतीला तो शेवट सोसला नसावा. त्याच्या नाटकात नाटक पाहता पाहता राम शुद्ध हरपून पडतो, तेव्हा वसिष्ठांची पत्नी अरुंधती खऱ्याखुऱ्या सीतेला घेऊन येते, आणि तिच्या हाताच्या स्पर्शानं तो डोळे उघडतो.