‘ओप्पा’ म्हणजे बॉयफ्रेंड नव्हे

कोरियन मालिका पाहणाऱ्यांमध्ये एक समज पक्का बसला आहे: ‘ओप्पा’ म्हणजे प्रियकर, किंवा कुठलाही देखणा हिरो. हा अर्थ चुकीचा आहे. ओप्पा म्हणजे मोठा भाऊ, आणि तोही फक्त बहिणीच्या तोंडी.

आपल्याकडे भाऊ-बहीण दोघेही ‘दादा’ म्हणतात. कोरियनमध्ये बोलणारा कोण, यावर शब्द बदलतो. मुलगी मोठ्या भावाला ओप्पा म्हणते, मुलगा ह्यंग म्हणतो. मोठ्या बहिणीला मुलगी ऑन्नी म्हणते, मुलगा नुना. त्यामुळे एखाद्या मुलाने मित्राला ‘ओप्पा’ म्हटलं की ऐकणारा चमकतोच.

मग प्रियकराचा अर्थ आला कुठून? वयाने मोठ्या, जवळच्या मित्रालाही मुली ओप्पाच म्हणतात. पुढे प्रेम जमलं, अगदी लग्न झालं, तरी अनेकजणी तीच हाक चालू ठेवतात. म्हणजे प्रेम नात्यात असतं, शब्दात नाही. सख्खा भाऊ स्पष्ट करायचा असेल तर ‘छिनोप्पा’ म्हणतात, चुलत-मामेभावाला ‘साछोन ओप्पा’.

वापरताना आधी वय बघा. 28 जून 2023 पासून कोरियात सरकारी कामात आंतरराष्ट्रीय पद्धतीने, म्हणजे आपल्यासारखं वाढदिवसावरून, वय मोजतात, पण मोठा-धाकटा ठरवताना लोक अजूनही बहुधा जन्मवर्ष विचारतात. समवयस्क किंवा धाकटा गायक कितीही आवडता असो, तो ओप्पा होत नाही. नाव जोडायचं तर आधी: ‘मिनसू ओप्पा’. ऑफिसात मात्र हा शब्द टाळा. तिथे हुद्द्यानंतर ‘-निम’ किंवा पूर्ण नावानंतर ‘-शी’ हे आदरार्थी प्रत्यय लावतात.