चाळीसची बाटली, शंभरची सिरिंज

इन्सुलिनच्या सिरिंज दोन प्रकारच्या. लाल टोपणाची ४० युनिट प्रति मिली इन्सुलिनसाठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. पावसात वीज गेलेली, वॉर्डात इन्व्हर्टरवर एकच ट्यूब. तिच्या उजेडात हे दोन रंग वेगळे ओळखणं सोपं नाही. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० चं असतं, पण १०० च्या बाटल्याही येतात आणि पेनच्या काडतुसात तर १०० चंच असतं.

समजा, केस पेपरवर २० युनिट लिहिलेत. १०० च्या बाटलीतलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर ते भरतं अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट. अडीचपट! घाम, थरथर, बरळणं आणि वेळेत साखर दिली नाही तर बेशुद्धी. उलट गफलत झाली तर जेमतेम ८ युनिट जातात आणि 'इन्सुलिन लागूच पडत नाही' म्हणून डोस वाढवला जातो. हे जास्त फसवं. रंगावर विसंबू नये. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजच्या नळीवर छापलेला आकडा मोठ्याने वाचून जुळवावा. डॉक्टरांनीही 'युनिट' पूर्ण लिहावं. नुसता इंग्रजी 'यू' घाईत शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात.

पोटॅशियम क्लोराइडची गोष्ट याहून गंभीर. डिस्टिल्ड वॉटरसारखंच पाण्यासारखं औषध. ते थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. ते सलाइनमध्ये मिसळूनच, सावकाश द्यायचं. लटकत्या बाटलीत टोचलं तर ते जड असल्याने तळाशी, नळीच्या तोंडाशीच साठतं. म्हणून टोचल्यावर बाटली काढून चार-सहा वेळा उलटीपालटी करावी. अँप्यूल (काचेची छोटी बंद कुपी) इतर औषधांच्या ट्रेमध्ये नको, वेगळ्या कुलूपबंद कप्प्यात हवी.

भातलावणीच्या दिवसांत सर्पदंशाचा रुग्ण आला की एकच धावपळ. प्रतिविषाच्या पावडरच्या दहा वायल, म्हणजे कुप्या, प्रत्येकीत १० मिली पाणी, हलवायची नाही, गोल फिरवायची. नाहीतर फेस येतो. प्रतिविषाची अॅलर्जी उठली तर म्हणून शेजारी अॅड्रेनालिन भरून ठेवलेलं. तेवढ्यात नातेवाईक काहीतरी विचारतात. परत वळल्यावर कोणती सिरिंज कशाची? भरताक्षणीच लेबल लावायचं. बिननावाची सापडली तर अंदाज न करता फेकून द्यायची, औषध कितीही महाग असो.

राहिला माणूस ओळखण्याचा प्रश्न. अख्ख्या वाडीचं आडनाव एकच, त्यामुळे वॉर्डात दोन सावंत आजी असतातच. "तुम्ही सावंत आजी ना?" म्हटलं की कमी ऐकू येणारी आजीही मान डोलावते. "आजी, पूर्ण नाव सांगा, वाडी कुठली?" असं विचारावं आणि केस पेपरचा नंबर मनगटावरच्या पट्टीशी जुळवावा. पट्टी नसेल तर चिकटपट्टीवर नंबर लिहूनही भागतं. फक्त दमट हवेत न फुटणाऱ्या शाईचं पेन हवं.